अर्धा पासवर्ड माझ्यापाशी

आमच्या साडूभाऊंइतका भोकांचा विचार केलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यांचं बोलणं माझ्याइतकं मन लावून ऐकून माझ्याइतकं कमी समजलेला माणूसही सापडायचा नाही. भोकं म्हणजे बादलीची किंवा बनियनची नव्हेत. तसली भोकं त्यांच्या स्वतःच्या बनियनला भरपूर होती आणि त्यांच्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. त्यांची भोकं कारखान्याच्या सॉफ्टवेअरमधली. डोळ्यांना न दिसणारी, हाताला न लागणारी, ज्यांतून थेंबभर काही गळत नाही आणि तरी ज्यांच्यापायी एका भल्या माणसाची झोप उडते, अशी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवत आलो. समोर ठेवलेला माठ बघून काढायचा, हे माझं शिक्षण. त्यामुळे साडूभाऊ बोलायला लागले की मी नुसती मान हलवायचो. मान जरा पटकन हलली की ते थांबायचे आणि म्हणायचे, "पाव्हणे, समजलं न्हाई ना?" मग मी पुन्हा मान हलवायचो.

नातं सांगून टाकतो. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, मी साडूभाऊ म्हणतो, आणि ते मला, माझं डोकं पांढरं झालं तरी, पाव्हणेच म्हणतात. जालन्याच्या एमआयडीसीत सळया तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कुणी नव्हतं, पण त्यांच्या वागण्यात प्रमुखपणा पुरेपूर होता. भंगार किती आलं, भट्टीत काय किती पडलं, कोणत्या जाडीची सळई किती निघाली, तिची ताकद तपासणीत किती भरली, ट्रक कोणत्या गावाला गेला, हे सगळं एकाच मोठ्या सॉफ्टवेअरमधून चालायचं. ते सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं. साडूभाऊ त्याच्याविषयी असं बोलायचे, जणू ते एक भोळं पोर आहे आणि गर्दीत कुणीही त्याला चॉकलेट दाखवून घेऊन जाईल.

माणूस अंगाने किडकिडीत, पण संशयाने भारदस्त. त्यांच्या मोबाइलला कव्हर, कव्हराला पिशवी आणि पिशवीला चेन. एटीएममध्ये गेले की आत त्यांच्याशिवाय चिटपाखरू नसलं तरी आकड्यांवर पोट टेकवून उभे राहायचे. मला बरोबर न्यायचे आणि तोंड रस्त्याकडे करून उभं राहायला लावायचे. पैसे घेऊन बाहेर आले की विचारायचे, "आत कोणी बघून राह्यलं होतं का?" मी रस्त्याकडे बघत होतो, मला काय माहीत. तसं सांगितलं की म्हणायचे, "बराबर. तुम्ही बघितलं न्हाई हेच चांगलं." कॉम्प्युटरच्या पडद्यावर जो इवलासा कॅमेरा असतो, त्यातून कुणी आपल्याला बघू नये म्हणून ते त्यावर टिकली लावायचे. अक्कांच्या टिकल्यांचं पाकीट महिन्याच्या मध्यालाच संपायचं आणि कारखान्यातला प्रत्येक कॉम्प्युटर सवाष्णीसारखा दिसायचा. एकदा लग्नाहून परत येताना आम्ही वडीगोद्रीला हायवेवर चहाला थांबलो. टपरीवर पैसे भरायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला होता. खऱ्या कागदावर चोरानं दुसरा चिकटवला असंल म्हणून साडूभाऊ नखाने त्याचा कोपरा खरडायला लागले. टपरीवाला म्हणाला, "काका, निघंल न ते." ते निघालं. खाली दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी त्या टपरीवर सगळ्यांना सुटे पैसे द्यावे लागले आणि साडूभाऊ समाधानाने गाडीत बसले.

एवढा संशयी माणूस, तर घराला मोठमोठी कुलपं असतील असं कुणालाही वाटेल. घराला कुलूपच नव्हतं. जुन्या जालन्यातलं त्यांचं घर दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं. शेजारपाजारचं कुणीही येऊन फ्रिजमधलं विरजण घेऊन जायचं. पण दार लोटलेलं म्हणजे पक्कं लोटलेलं, चौकटीला टेकलेलं पाहिजे. बोटभर फट राहिली तर त्यांना चैन पडायचं नाही. कुठूनही निघताना ते स्वतः पुढे, मग अक्का, मग माझी बायको, आणि शेवटी मी. दर वेळी वळून म्हणायचे, "पाव्हणे, तुम्ही मागून या. दार ओढून घ्या." मी ओढून घ्यायचो. "ओढलं?" असं विचारायचे. "ओढलं," असं मी म्हणायचो, आणि मगच पाय पुढे पडायचा. कुलपाचा विषय काढला तर म्हणायचे, "कुलूप कशाला? आपल्यात काय चोरायचं? पण उघडं दार दिसलं की ज्याला यायचं न्हाई त्योबी येतो." हे ऐकून मला कुलपं चांगली की वाईट, यातलं काहीच ठरवता आलं नाही.

तर एका रविवारी साडूभाऊ सकाळी आमच्या घरी आले, चपला आत घेऊन आले, आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, "पाव्हणे, भोक सापडलंय."

"कुठं?"

"आमच्या सॉफ्टवेअरमधी. पुण्याच्या कंपनीनं कळवलंय."

"कुणी पाडलं?"

"कोणी पाडलं न्हाई. पहिल्यापासून हाय."

"मग आतापर्यंत दिसलं कसं नाही?"

"कोणी बघितलंच न्हाई. आता एकानं बघितलं. परदेशात असतो. त्याचं कामच ते, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधी भोकं हुडकायची."

"म्हणजे चोर."

"चोर कसा? चांगला माणूस हाय. त्यानं कंपनीला सांगितलं. कंपनीनं त्याला बक्षीस देलं."

"आणि कंपनीनं काय केलं?"

"सगळ्या जगाला सांगितलं, की बाबांनो, आमच्या सॉफ्टवेअरमधी अमुक ठिकाणी भोक हाय."

"चोरांनाही?"

"त्यांनाबी कळतंच की."

मी बराच वेळ विचार केला. बायको चहा ठेवून गेली तरी माझा विचार चालूच होता. शेवटी मी म्हणालो, "साडूभाऊ, म्हणजे कुणाला माहीत नव्हतं तोवर तुम्ही सुखात होता, आणि एका चांगल्या माणसाने सांगितल्यामुळे धोक्यात आलात?"

साडूभाऊंचा चेहरा उजळला. "आता बराबर बोललात," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी काय बरोबर बोललो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण त्या दिवशी त्यांनी पुढे जे सांगितलं, तेवढं मात्र मला कळलं. ते म्हणाले, "त्या भोकातून बाहेरचा माणूस पासवर्ड न टाकता आत येतो. आत आला की भट्टीत काय किती टाकायचं ते बदलतो. सळई कच्ची निघती. तपासणीचे आकडेबी त्योच बदलतो, म्हणजे कागदावर पक्की. ती सळई ट्रकमधी बसून कुठं जाती? हसनाबादला. तुमच्या शाळेच्या नवीन खोल्यांचं काम चालू हाय ना? त्या स्लॅबमधी जाती." आणि चहाचा कप तसाच ठेवून ते उठले. मला त्या खोल्या दिसल्या. त्यातली एक चित्रकलेची होणार होती. तिथे खाली बसून रंगपेट्या उघडणारी पोरं दिसली. त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब दिसला. न दिसणारी वस्तू पहिल्यांदा मला दिसली, ती अशी.

भोक बुजवायचं औषध कंपनीने पाठवलेलं होतं. ते बसवायला सॉफ्टवेअर अर्धा दिवस बंद ठेवायचं, एवढंच काम. पण सॉफ्टवेअर बंद म्हणजे वजनकाटा बंद, काटा बंद म्हणजे ट्रक उभे, ट्रक उभे म्हणजे भंगार आत येणार नाही, आणि मग भट्टी थंड करावी लागणार. मालक भला माणूस, पण भट्टी थंड करायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. साडूभाऊ त्याच्या केबिनमध्ये वर्षभर खेटे घालत राहिले. त्यांच्यातलं बोलणं साडूभाऊंनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ आहे. मालक विचारायचा, "अजून कोणी आत आलं का?" हे म्हणायचे, "न्हाई." "मंग आल्यावर सांगा." "आल्यावर कळायचं न्हाई." "कळायचंच न्हाई, तर आलं काय अन् न आलं काय, सारखंच की." साडूभाऊ संतापून मला विचारायचे, "आता याला काय म्हणावं?" मला दोघांचंही पटत होतं. पण स्लॅब डोळ्यांपुढे असल्यामुळे मी साडूभाऊंच्या बाजूने मान हलवायचो.

मालक ऐकत नाही तोवर निदान माणसं सावध करावी म्हणून त्यांनी माझ्याकडून एक मोठं चित्र काढून घेतलं. 'पासवर्ड कुणाला सांगू नका' अशी अक्षरं आणि वर भलंमोठं पितळी कुलूप. कुलपावरची चमक काढायला मला फार वेळ लागला होता. शेजारी शोभेसाठी मी एक किल्ली काढली. साडूभाऊ चित्र बघून म्हणाले, "कुलूप झकास. किल्ली कशाला दाखवली?" किल्ली खोडून तिथे मी फूल काढलं. चित्र काटाघरात लागलं. तिथे शब्बीरभाई बसतात. काट्यावरचा हा माणूस इतका दिलदार की ट्रकवाल्याला पाणी विचारल्याशिवाय वजन करत नाही. त्या कारखान्यात पासवर्ड मागितला आणि दिला नाही, हे घोटभर पाणी नाकारल्यासारखं होतं. त्यामुळे सगळा कारखाना एकाच पासवर्डवर गुण्यागोविंदाने नांदत होता. पुढच्या आठवड्यात साडूभाऊ काटाघरात गेले तर चित्राच्या खालच्या मोकळ्या जागेत, माझ्या फुलाच्या रंगाला साजेशा लाल शाईने, तो पासवर्ड ठळक लिहिलेला. शब्बीरभाई अभिमानाने म्हणाले, "साब, चित्र इतना अच्छा है, आते-जाते सबकी नजर वहीं जाती. लोगां पासवर्ड भूल जाते, तो मैं बोला वहींच लिख देता." साडूभाऊ त्यांच्यावर रागावू शकले नाहीत. फक्त माझ्याकडे येऊन म्हणाले, "पाव्हणे, जरा कमी चांगलं काढायचं ना."

शेवटी उपाय निघाला तो पंचांगातून. कारखाना वर्षातून एकदा आपणहून थांबतो, खंडेनवमीला. त्या दिवशी भट्टी थंड, क्रेन उभी. पान्यापासून काट्यापर्यंत सगळ्याला हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यातल्या कशाला कामासाठी हात लावायचा नाही. एवीतेवी थांबणारच आहे म्हटल्यावर मालकाने होकार दिला. साडूभाऊ इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि जेवताना एकदाही भोकाचा उल्लेख केला नाही. खंडेनवमीला पहाटेच, पूजेच्या आधी, आत जाऊन काम उरकायचं असा त्यांचा बेत होता.

आणि चार दिवस आधी ते छातीवर हात धरून खाली बसले. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या नळ्या बुजल्यात, बायपास करावी लागेल. आयुष्यभर भोकं बुजवण्याचा ध्यास घेतलेल्या माणसाच्या नळ्या बुजाव्यात, हे मला कसंतरीच वाटलं. त्यात ऑपरेशनचा दिवस ठरला तो नेमका खंडेनवमीचा. साडूभाऊ म्हणाले, दसऱ्यानंतर करू. डॉक्टर म्हणाले, इतकं थांबता यायचं नाही. साडूभाऊ म्हणाले, माझं दुसरं काम हाय. अक्का बाहेर येऊन भिंतीला टेकून रडायला लागल्या. सही करायला ते तयारच होईनात.

मग माझी बायको भेटायचा पास घेऊन आत गेली. पास एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस. ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. चेहऱ्यावर एक निराळाच भाव, मी लग्नात पाहिला होता तसा, काहीतरी फार जपून आणल्याचा. मला म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय." मी आत गेलो. साडूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "पुण्याचा इंजिनिअर फोनवर सगळं करील. पण आधी कारखान्यात मेन मशीनवर मास्टर पासवर्ड टाकावा लागतो. तो माझ्याशिवाय कोणाकडंच न्हाई. अर्धा तुमच्या मंडळींना देलाय. अर्धा तुम्हाला देतो. एकमेकांना बिलकुल सांगायचा न्हाई. पूर्ण एकाकडं गेला की ते भोकच."

मी म्हणालो, "साडूभाऊ, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर," ते म्हणाले. "कारखान्यात देला तर उद्या भिंतीवर येतो. तुमच्याकडं बघून कोणाला वाटंल का, की या माणसाजवळ काही असंल?" इतक्या वर्षांत त्यांनी माझी केलेली ही सर्वांत मोठी स्तुती. त्यांनी ती अक्षरं आणि आकडे माझ्याकडून म्हणून घेतले, चुकलं तिथे सुधारले, कागद मागितला तर डोळे वटारले. मग थकून उशीवर मान टाकली. म्हणाले, "झालं की मंग मला कापू द्या कितीबी." आणि सहीसाठी हात पुढे केला. बाहेर येताना मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं, न सांगता.

खंडेनवमीच्या सकाळी आमची बस बदनापूरला बिघडली. कारखान्यात पोहोचलो तोवर पूजा होऊन गेली होती. कॉम्प्युटरच्या खोलीत मेन मशीनला हळद-कुंकवाची बोटं, वर झेंडूची माळ, पडद्यावर साडूभाऊंनी लावलेली अक्कांची टिकली, आणि कळफलकावर अक्षता. दारात मालकांच्या आई पाट टाकून बसलेल्या. कारखाना त्यांना मोठ्या बाई म्हणतो. मी कसंबसं सांगितलं, "आम्हाला त्या मशीनवर थोडं काम करायचंय."

"पूजेत हाय ते," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या."

मालक पाठीमागे उभा होता. त्याने हात जोडून मला खूण केली की यात मी काही बोलू शकत नाही. मी भोकाचं सांगायला लागलो. परदेशातला चांगला माणूस, त्याचं बक्षीस, जगाला सांगितलं ते, सगळं. बोलता बोलता माझंच मला कळेनासं झालं. मोठ्या बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनाही कळत नव्हतं हे उघड होतं, पण त्या मान हलवत नव्हत्या, एवढा त्यांच्यात आणि माझ्यात फरक. मग माझी बायको त्यांच्याजवळ खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "बाई, दाजींना आत्ता आत नेलंय ऑपरेशनला. हे आम्ही अंगावर घेतलं, तेव्हा कुठं त्यांनी सही केली."

मोठ्या बाई पाटावरून उठल्या. मग त्यांनी कनवटीची एक सुपारी काढली. मशीनवरची माळ उतरवून त्या पाटावर ठेवली, माळेच्या मधोमध तांदळावर ती सुपारी मांडली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आता पूजेत ही हाय. मशीन मोकळं झालं. बसा." पूजेत जो हजर नसतो त्याच्या जागी सुपारी मांडतात हे मला माहीत होतं, पण हजर असलेल्याला सुट्टी देण्यासाठी ती चालते, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "मास्टर पासवर्ड टाका. तीनदा चुकला तर मशीन कायमचं लॉक होईल. मग आमचा माणूस तिकडे येईपर्यंत कारखाना चालू करता येणार नाही." हे ऐकून मालकही खाली बसला. आणि तेव्हा आम्हा नवरा-बायकोच्या ध्यानात आलं की कुणाचा अर्धा आधी आणि कुणाचा नंतर, हे साडूभाऊंनी सांगितलेलंच नाही. ते ऑपरेशनच्या टेबलावर होते, विचारणार कुणाला?

आधी बायकोला दिला होता म्हणून आधी तिचा, असं ठरलं. मी भिंतीकडे तोंड केलं, तिने टाकला. मग तिने भिंतीकडे तोंड केलं, मी एका बोटाने एकेक कळ हुडकून माझा टाकला. चूक आला. बायको म्हणाली, "तुम्ही चुकलात." मी म्हणालो, "तू चुकलीस." दोघांनाही तपासता येईना, कारण तपासायचं म्हणजे सांगायचं. मग मला वाटलं, साडूभाऊ काही साधा माणूस नाही. कुणी ऐकत असेल या भीतीने त्यांनी मुद्दाम उलट्या क्रमाने सांगितलं असणार. म्हणून आधी माझा, मग तिचा. तोही चूक. फोनमधून इंजिनिअर म्हणाला, "आता एकच." मला तो स्लॅब दिसायला लागला, आणि त्याच्याखाली बायपासच्या टेबलावर पडलेले साडूभाऊही दिसायला लागले. दोन्ही चित्रं एकात एक मिसळली.

बायको कळफलकाकडे टक लावून बघत होती. घरात डबे घासताना बघते तशी. मग तिने तो सरळ उचलला, उलटा केला आणि खालून थापट्या मारल्या. कुंकू लागलेल्या अक्षता टपटप खाली पडल्या. एक तांदूळ एका कळीखाली अडकून बसला होता, तो तिने हेअरपिनने काढला. ती कळ दाबली जातच नव्हती. आम्ही दोघांनी त्या कळीकडे बघितलं आणि ताबडतोब नजर दुसरीकडे वळवली. ते अक्षर माझ्या अर्ध्यात होतं की नाही, हे मी आजही सांगणार नाही.

पण आता जास्तच घोटाळा. क्रम पहिला बरोबर होता की दुसरा? दोन्हींत तो तांदूळ होताच, त्यामुळे दोन्ही चुकले असणार. राहिला एकच प्रयत्न. मालकाने सुपारीला हात जोडले. बायको मात्र हळूहळू म्हणाली, "अहो, दाजी तुम्हाला कुठंही कधी पुढं ठेवतात का?"

"नाही."

"मग. तुम्ही मागून या."

तिने तिचा टाकला. मी मागून माझा टाकला आणि शेवटची कळ दाबली. पडद्यावर काहीतरी हललं आणि फोनमधून इंजिनिअरचा आवाज आला, "आत आलो. आता तुम्ही बसा, मी करतो." मोठ्या बाईंनी सगळ्यांना पेढा दिला, एक सुपारीपुढे ठेवला.

दुपारी अक्कांचा फोन आला की ऑपरेशन बरोबर झालं. साडूभाऊंना पुढे शुद्ध आली तेव्हा त्यांनी डोळे उघडून पहिला शब्द काढला, "झालं?" अक्का म्हणाल्या, "झालं, डॉक्टर म्हणाले सगळं बराबर झालं." तर क्षीण आवाजात म्हणाले, "ते न्हाई."

ते हिंडूफिरू लागले, कामावरही गेले. त्या भोकातून आत कुणी आलं नाही. निदान आलेलं कळलं नाही. कारखान्यात त्यांना कुणी शाबासकी दिल्याचं मी ऐकलं नाही, कारण काहीच झालं नाही याबद्दल शाबासकी कशी देतात हे कुणाला माहीत नव्हतं. हसनाबादच्या खोल्या उभ्या राहिल्या. तिथली सळई आमच्याच कारखान्याची का दुसऱ्या कुणाची, तेही मला माहीत नाही. पण निवृत्त होईपर्यंत त्या चित्रकलेच्या खोलीत मी कधी वर बघितलं की मला साडूभाऊ आठवायचे. पुढे ते निवृत्त झाले आणि मालकाने नवीन सॉफ्टवेअर आणलं. जुनं सॉफ्टवेअर, त्यातलं भोक आणि त्यावरचं बूच, तिन्ही एकदम गेली.

गेल्या महिन्यात लेकीने त्या दोघांना पुण्याला नेलं. कायमचं. आम्ही सामान बांधायला गेलो होतो. साडूभाऊ आता हळू चालतात. लेकीच्या फ्लॅटचं दार म्हणे आपोआप लागतं, ओढावं लागत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा पडला होता. ते एकटे खुर्चीवर बसलेले बघून मी जवळ गेलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, तुमचं ते माझ्यापाशी राहिलंय. अर्धं."

"मंडळींना सांगितलं तर न्हाई ना?"

"नाही."

"त्यांनी तुम्हाला?"

"नाही."

आता त्याचा काही उपयोग नाही, सांगून टाका, असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "राहू द्या." मला त्यातलं पूर्ण कळलं असं नाही, पण या खेपेला मी मान हलवली नाही.

बाहेर गाडी उभी होती. साडूभाऊ पुढे झाले, त्यांच्यामागे अक्का, मग माझी बायको. उंबऱ्याबाहेर पडताना ते वळले. "पाव्हणे, तुम्ही मागून या," म्हणाले.

मी रिकाम्या घरातून मागून आलो आणि दार ओढून घेतलं.

"ओढलं?"

"ओढलं," मी म्हणालो.